साहाय्यक दृश्य (अभियांत्रिकी चित्रकला)

साहाय्यक दृश्य हे अभियांत्रिकी चित्रकलेतील एक लंब प्रक्षेप आहे. वस्तूच्या तिरक्या पृष्ठभागाचा खरा आकार व खरी मापे दाखवण्यासाठी ते मुख्यतः काढले जाते. त्यासाठी पृष्ठभागाला समांतर असे एक जादा प्रतल कल्पिले जाते. त्यास साहाय्यक प्रतल म्हणतात.

गरज

समोरील, वरील आणि बाजूचे ही मुख्य दृश्ये परस्परांना लंब असलेल्या प्रतलांवर काढली जातात. पृष्ठभाग त्यांपैकी एखाद्या प्रतलाला समांतर असेल, तरच तो खऱ्या आकारात दिसतो. तिरका पृष्ठभाग आखूड दिसतो आणि त्यावरील गोल छिद्र लंबवर्तुळासारखे दिसते.

उदाहरणार्थ, कारंजा (घाडगे) येथील एखाद्या कार्यशाळेत गिरणीसाठी पत्र्याचा चौकोनी हॉपर बनवायचा आहे असे मानू. त्याचे वरचे तोंड ६०० मिमी, खालचे तोंड २०० मिमी आणि उभी उंची ३०० मिमी आहे. समोरील दृश्यात समोरच्या पत्र्याची उंची ३०० मिमी, तर वरील दृश्यात २०० मिमी दिसते. ही दोन्ही मापे खरी नाहीत. पायथागोरसच्या प्रमेयानुसार पत्र्याची तिरकी उंची सुमारे ३६१ मिमी येते. ३०० मिमी धरून पत्रा कापल्यास तो ६१ मिमी कमी पडतो व वाया जातो.

काढण्याची पद्धत

भारतात प्रथम कोन पद्धत वापरली जाते. वरील हॉपरची उजवी बाजू उभ्या प्रतलाला लंब असल्याने समोरील दृश्यात ती एका तिरक्या रेषेच्या रूपात दिसते.

१. या तिरक्या रेषेला समांतर अशी नवी संदर्भरेषा काढावी.
२. तिरक्या रेषेच्या टोकांपासून नव्या संदर्भरेषेला लंब प्रक्षेपरेषा काढाव्यात.
३. वरील दृश्यात प्रत्येक बिंदू मूळ संदर्भरेषेपासून जितक्या अंतरावर आहे, तितकेच अंतर नव्या रेषेपासून मोजून बिंदू मांडावेत.
४. बिंदू क्रमाने जोडावेत.

मिळणारा समलंब चौकोन (६०० व २०० मिमी समांतर बाजू, सुमारे ३६१ मिमी उंची) हा पत्र्याचा खरा आकार होय. पृष्ठभाग आडव्या प्रतलाला लंब असल्यास तो वरील दृश्यात रेषेसारखा दिसतो. तेव्हा नवी रेषा वरील दृश्यावरून घेऊन उंची समोरील दृश्यातून घेतात.

दुय्यम साहाय्यक दृश्य

तिन्ही मुख्य प्रतलांशी कललेल्या पृष्ठभागासाठी एक साहाय्यक दृश्य पुरत नाही. पहिल्या दृश्यात तो रेषेच्या रूपात आणला जातो आणि दुसऱ्यात खरा आकार मिळतो. हॉपरच्या लगतच्या दोन पत्र्यांमधील खरा कोनही याच रीतीने मिळतो: पहिल्या दृश्यात कोपऱ्याच्या कडेची खरी लांबी, तर दुसऱ्यात ती कड बिंदूरूप होऊन कोन दिसतो.

इतिहास व वापर

या पद्धतीचा पाया असलेली वर्णनात्मक भूमिती फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंज यांनी अठराव्या शतकात मांडली. प्रत्यक्ष आरेखनात बहुधा केवळ तिरका भागच साहाय्यक दृश्यात दाखवतात. संपूर्ण वस्तू दाखवल्यास तिचे इतर भाग विकृत दिसून चित्र गुंतागुंतीचे होते. संगणकीय आरेखनात हे दृश्य त्रिमितीय प्रतिकृतीवरून आपोआप मिळते, मात्र दृश्याची दिशा आरेखकालाच ठरवावी लागते.