पुढच्याला गाठायचं तर ब्रेक मार

मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 रोजी श्रीहरिकोट्याहून उडालं आणि महिनाअखेरपर्यंत पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं. कोल्हापुरात आमच्या कट्ट्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न : मंगळाला जायचंय, तर सरळ जात का नाही? पेपरात आकडे यायचे. कक्षेचं लांबचं टोक 28,825 किलोमीटर, मग 40,186, मग 71,636. जवळचं टोक मात्र अडीचशेच्या आसपासच. आकडे पाठ झाले होते, अर्थ लागत नव्हता.

तो लावून दिला एका गेमने. मेक्सिकोतल्या स्क्वाड कंपनीचा केर्बल स्पेस प्रोग्राम 2011 मध्ये आला होता. माझ्या धाकट्या चुलतभावाने तो त्याच हिवाळ्यात कॉम्प्युटरवर घातला. त्यातला केर्बिन ग्रह लहानसा, त्रिज्या 600 किलोमीटर, हवा 70 किलोमीटरपर्यंत. नवशिका रॉकेट सरळ वर सोडतो. ते चढतं तसं खाली येतं. उंची पुरत नाही, आडवा वेग लागतो : केर्बिनभोवती सेकंदाला सुमारे सव्वादोन किलोमीटर, खऱ्या पृथ्वीजवळ पावणेआठ.

खरी शाळा भरायची ती नकाशाच्या पडद्यावर. कक्षेच्या निळ्या रेषेवर एका जागी क्लिक करायचं, तिथे उगवलेली खूण पुढच्या दिशेला ओढायची. ओढू तसतशी एक तुटक रेषा फुगत जाते, पण ज्या जागी खूण आहे तिथे नाही, बरोबर समोरच्या बाजूला! इंजिन इथे चालवायचं आणि कक्षा पलीकडे उंचवायची. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरणं शक्य नाही.

मग मंगळयानाचे आकडे बोलू लागले. त्याच्या इंजिनाचा जोर होता 440 न्यूटन, म्हणजे पंचेचाळीस किलोचं ओझं उचलण्यापुरता. यानाचं वजन उड्डाणावेळी 1,337 किलो. एका दमात ते जमणारं नव्हतं. म्हणून प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या सगळ्यात जवळ, जिथे वेग सर्वांत जास्त, तिथे थोडं थोडं इंजिन चालवायचं. तेवढ्याच इंधनात तिथे सर्वाधिक ऊर्जा पदरात पडते. 11 नोव्हेंबरला सेकंदाला 130 मीटरऐवजी 35 मीटरचीच वाढ मिळाली. दुसऱ्या दिवशी ती कसर भरून लांबचं टोक 1,18,642 किलोमीटरवर नेलं. 1 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर बावीस मिनिटं इंजिन चाललं आणि यान मंगळाच्या वाटेला लागलं.

त्याच 9 ते 11 नोव्हेंबरला कोल्हापुरात अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव असतो : मावळत्या सूर्याचे किरण देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात. तो पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारीला येतो, कारण 21 डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच अंतरावर सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. लहानपणापासून पाहिलेल्या या सोहळ्यामागे पृथ्वीची कक्षा आणि तिचा कललेला आस आहे, हे मला गेम खेळू लागल्यावर जाणवलं, आणि त्याचा आनंद अजून ताजा आहे.

2015 च्या एप्रिलमध्ये गेमची 1.0 आवृत्ती आली. हवेचं गणित बदललं, त्यामुळे दहा किलोमीटरवर रॉकेट एकदम कलवायची जुनी सवय सोडावी लागली. चंद्राला जायची युक्ती मात्र तीच राहिली : खालच्या कक्षेत फिरताना गेममधला मून क्षितिजावर उगवला की इंजिन पेटवायचं. नेम आत्ताच्या चंद्रावर नसतो, आपण पोचू तेव्हा तो असेल त्या जागेवर असतो. 2023 च्या जुलैमध्ये चांद्रयान-3 निघालं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना ती वाट मी कागदावर काढून दाखवली.

सर्वांत अवघड धडा दोन यानांच्या भेटीचा. एकाच कक्षेत पुढे असलेल्या यानामागे वेग वाढवला, तर आपली कक्षा मोठी होते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि आपण आणखी मागे पडतो. ‘दादा, पुढच्याला गाठायचंय ना? मग ब्रेक मार,’ असं चुलतभाऊ म्हणाला, तेव्हा मला पटेना. वेग कमी केला, कक्षा आत आली, फेरी लवकर पुरी झाली आणि अंतर मिटत गेलं.

इस्रोची स्पेडेक्सची दोन यानं 30 डिसेंबर 2024 ला उडाली. 12 जानेवारीला ती तीन मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा मागे घेतली. 16 तारखेला जोडली. ती माघार आम्हा दोघांना लगेच पटली. इतक्या जवळ आल्यावर सेकंदाला काही सेंटिमीटरचा फरकही धडकेला पुरतो, आणि मागे घेतलेलं यान उद्या पुन्हा पुढे आणता येतं.