परतलेले स्वयंसेवक आणि मागे राहिलेली खुर्ची

अमेरिकेतील पुष्कळ चर्चमध्ये एक प्रघात आहे. वर्षातून आठ-पंधरा दिवसांची सवड काढून तेथील काही मंडळी परदेशी सेवेसाठी जातात. कोणी दवाखान्यात मदत करतात, कोणी शाळेच्या भिंती बांधतात, तर कोणी चालता न येणाऱ्यांसाठी चाकांच्या खुर्च्या जोडून देतात. घरी परतल्यावर ते आपली हकीकत सांगतात आणि ऐकणाऱ्यांची मने भरून येतात. या भावनेत खोटे काही नाही. परंतु आमच्या मते, खऱ्या कसोटीचा काळ स्वयंसेवक विमानात बसल्यावरच सुरू होतो. तो आपल्या घरी जातो; खुर्ची मात्र तेथल्या चिखलात, दगडधोंड्यांत आणि उन्हापावसात राहते.

डॉन शॉनडॉर्फर या अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञाचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. १९७९ साली ते पत्नीसह मोरोक्को देशात प्रवास करीत होते. तेतुआन शहरी त्यांनी एक स्त्री हातांनी अंग ओढीत धुळीचा रस्ता ओलांडताना पाहिली. ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही. तरी त्यावर उपाय हाती येण्यास वीस वर्षांहून अधिक काळ गेला. अंगणात ठेवावयाची पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची, लोखंडी सांगाडा, सायकलची दोन चाके आणि पुढे दोन लहान चाके, एवढ्याच साहित्यातून त्यांनी आपली खुर्ची सिद्ध केली. बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तू जोडल्यामुळे ती अतिशय स्वस्त पडली. २००१ साली एका ख्रिस्ती वैद्यकीय पथकाबरोबर अशा चार खुर्च्या घेऊन ते भारतात, चेन्नईकडे आले. पहिली खुर्ची तेथील एका मुलाला मिळाली. मायदेशी परतल्यावर त्यांनी या कामाला वाहून घेतले. त्यांच्या ‘फ्री व्हीलचेअर मिशन’ या संस्थेने आजवर निरनिराळ्या देशांत दहा लाखांहून अधिक खुर्च्या पोहोचविल्या आहेत.

रुग्णालयात दिसणारी चकचकीत खुर्ची पाठविली तर काय बिघडते, असे कोणी विचारील. ती खुर्ची गुळगुळीत फरशीसाठी केलेली असते. तिची पुढची चाके लहान आणि अरुंद असतात. वाळूत ती रुततात, खड्ड्यात अडतात, आणि खुर्ची जागीच थांबून बसणारा पुढे तोंडावर पडतो. पुढचे चाक रुंद असले आणि ते मागच्या चाकापासून अंमळ दूर बसविले, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. शिवाय तिचा एखादा खिळा किंवा बेअरिंग गेले तर तसाच सुटा भाग खेडेगावात कोठून आणावयाचा? सायकलचे चाक मात्र सायकल दुरुस्त करणारा कोणीही कारागीर नीट करू शकतो. ठिगळ लावणारा माणूस जगात कोठे नाही?

राल्फ हॉचकिस यांनी हाच विचार आणखी पुढे नेला. १९६६ साली मोटारसायकलच्या अपघातानंतर ते स्वतः खुर्चीला खिळले होते. १९८० साली निकाराग्वा देशात गेले असता त्यांना एकच खुर्ची आळीपाळीने वापरणारे चार तरुण भेटले. खुर्च्या पाठवीत राहण्यापेक्षा त्या तेथल्याच लोकांनी तेथल्याच साहित्यातून कराव्यात, असा मार्ग त्यांनी धरला. त्यांचे कार्य चर्चचे नव्हते. परंतु चर्चच्या स्वयंसेवकांनी शिकावे असे त्यात पुष्कळ आहे.

आफ्रिकेतून आलेली एक मागणी याहून निराळी होती. १९९०नंतरच्या दशकात लॅरी हिल्स हे मिशनरी त्या वेळच्या झाईर देशात काम करीत होते. पोलिओने किंवा सुरुंगाच्या स्फोटाने पाय गमावलेल्यांसाठी काही साधन करावे, असे त्यांनी मिसूरी राज्यातील मेल वेस्ट या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकास सुचविले. अर्ल मायनर यांनी आराखडा केला आणि हाताने दांडा फिरवून चालवावयाची तीनचाकी गाडी तयार झाली. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या हातसायकलीची ही जणू चुलत बहीणच! तिच्यात सामान ठेवण्यासही जागा असते. आम्हांस ही जागा चाकांइतकीच महत्त्वाची वाटते. लाकडाची मोळी अथवा भाजीची पाटी वाहून नेता आली, म्हणजे बसणारा केवळ फिरावयास निघालेला नसतो. तो घरच्या कामात वाटेकरी होतो.

आता एक गोष्ट राहते, आणि घाईने वाटलेल्या खुर्च्यांत नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष होते. ती म्हणजे माप. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसास कमरेखाली संवेदना नसते. निरोगी माणूस बसल्या बसल्या नकळत अंग हलवितो. त्यास तसे करता येत नाही. हाडाखाली दबलेल्या कातडीचा रक्तपुरवठा बंद होतो, जखम होते, आणि दुखत नसल्यामुळे ती ध्यानात येत नाही. ती चिघळली तर प्राणावर बेतते. म्हणून योग्य गादी हा चैनीचा भाग नव्हे. मुलांच्या बाबतीत तर दोन वर्षांत मापच बदलते. शॉनडॉर्फर यांची पहिली खुर्ची सर्वांना एकाच मापाची होती. संस्थेच्या पुढच्या नमुन्यांत मापे जुळविण्याची सोय झाली, हे योग्यच झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अशा खुर्च्यांविषयी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. कोणत्याही लोकसंख्येत सुमारे १ टक्का लोकांना खुर्चीची गरज असते, असा अंदाज त्यांत दिला आहे. खुर्ची देण्याच्या कामाचे त्यांत आठ टप्पे सांगितले आहेत. स्वयंसेवकाच्या छायाचित्रात येतो तो खुर्ची जोडण्याचा किंवा बसवून पाहण्याचा टप्पा. त्यानंतर वापरणाऱ्यास शिकविणे येते: पलंगावरून खुर्चीत कसे जावे, उतारावर तोल कसा सांभाळावा, अंगाखालचा भार अधूनमधून कसा हलका करावा, कातडी रोज कशी तपासावी. अखेरचा टप्पा दुरुस्तीचा व पुन्हा भेटीस जाण्याचा. ही भेट परतलेल्या पाहुण्याच्या हातून होणे कठीण. ती त्याच गावची परिचारिका, तेथल्याच चर्चचा सेवक किंवा पाना हाती धरणारा शेजारी घेतो, आणि सहा महिन्यांनी येऊन आधी गादी उचलून पाहतो.