गाऱ्हाणे आणि तक्रार
असमाधान बोलून दाखवण्यासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. कुरकुर, कुरबूर, नाराजी, तक्रार, फिर्याद, गाऱ्हाणे, रडगाणे असे कितीतरी शब्द सहज आठवतात आणि कोशांत ते बहुधा एकमेकांचा अर्थ म्हणून दिलेले आढळतात. तरीही ही भाषा रोज बोलणारा माणूस त्यांची सहसा अदलाबदल करत नाही. या शब्दांमधला फरक असमाधान किती तीव्र आहे यावर जितका अवलंबून आहे, त्याहून अधिक ते कोणाला ऐकवले जाते आणि ऐकणाऱ्याशी बोलणाऱ्याचे नाते काय, यावर अवलंबून आहे. ‘गाऱ्हाणे’ या शब्दाच्या बाबतीत तर हे नाते हाच अर्थाचा गाभा ठरतो.

कुरकुर हा मुळात ध्वनीवरून बनलेला शब्द आहे. नव्या वहाणा कुरकुरतात, जुनी खाट कुरकुरते आणि त्याच चालीवर माणूसही कुरकुरतो. या क्रियेला श्रोता लागत नाही, किंबहुना कोणी नीट कान दिला तर कुरकूर करणारा बहुधा गप्पच होतो. नाराजी हा फारसीतून आलेला शब्द याच्या उलट प्रवृत्तीचा आहे, कारण ती न बोलताही दाखवता येते. मंत्रिमंडळाचा विस्तार झाला की वर्तमानपत्रांतून नाराजीचे सूर उमटतात, नाराजांची मनधरणी होते आणि ‘नाराजीनाट्य’ असा जोडशब्दही छापला जातो, मात्र नाराज असलेली व्यक्ती स्वतः बहुतेक वेळा ‘मी नाराज नाही’ असेच सांगत असते.

तक्रार या शब्दाचा प्रवास अधिक लांबचा आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ पुनरावृत्ती, म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा करणे किंवा म्हणणे, असा आहे. पुढे त्यातून वादावादीचा अर्थ निघाला आणि हिंदी व गुजराती या भाषांनी तोच ठेवला. ‘तकरार’ म्हटले की त्या भाषांत दोन बाजूंचे भांडण डोळ्यांपुढे येते, तर मराठीत एक बाजू बोलते आणि दुसरीने तिची नोंद घ्यावी अशी अपेक्षा असते. जमिनीच्या व्यवहारातील दस्तांत ‘हरकत’ आणि ‘तक्रार’ हे शब्द जोडीने येतात, त्यात तो जुना, वादाचा अर्थ अजून डोकावतो. एरवी मात्र हा शब्द आता पुरता कचेरीचा झाला आहे. तक्रार नोंदवली जाते, दाखल होते, मागे घेतली जाते आणि अखेर ‘निकाली काढली’ जाते, एस. टी. स्थानकावर तक्रारवही असते, ग्राहकांसाठी जिल्हा तक्रार निवारण आयोग असतो. डॉक्टरांकडे जाणाऱ्यालाही पोटाच्या वा गुडघ्यांच्या तक्रारी असतात, पोटाची गाऱ्हाणी मात्र कोणी सांगत नाही.

गाऱ्हाणे या शब्दाचा संबंध सामान्यतः संस्कृतातील ‘गर्ह्’ या धातूशी जोडला जातो. या धातूचा अर्थ निंदा करणे, दोष देणे असा असला तरी मराठीत आल्यावर त्यातला कडवटपणा बराच निवळलेला दिसतो. गाऱ्हाणे ‘सांगतात’, ‘मांडतात’, ‘नेतात’. ते नोंदवत नाहीत. ज्याच्यापुढे ते मांडायचे, तो अधिकाराने मोठा आणि तरीही आपला असावा लागतो. सासुरवाशीण माहेरी आईजवळ सांगते ते गाऱ्हाणे, आणि तेच तिने पोलीस ठाण्यात सांगितले की ती तक्रार होते. मजकूर अक्षरशः तोच असला तरी शब्द बदलतो. एकच गाऱ्हाणे वरचेवर ऐकू येऊ लागले आणि ऐकणारा कंटाळला, की त्याचे रडगाणे होते.

मराठी संतसाहित्यातील गौळण या रचनाप्रकाराने हा शब्द घरोघरी पोहोचवला. एकनाथांच्या गौळणी आजही भजनांत गायल्या जातात. या प्रकारात गोकुळातल्या गवळणी कृष्णाच्या खोड्यांची गाऱ्हाणी घेऊन यशोदेकडे येतात. पण दह्यादुधाची नासाडी हे बहुतांशी निमित्तच असते आणि त्या निमित्ताने कृष्णाचे दर्शन घडावे, ही खरी ओढ असते, हे श्रोत्यांना ठाऊक असते. असमाधानाच्या शब्दात एवढे प्रेम सामावावे, ही गोष्ट ‘तक्रार’ला कधी साधली नसती.

कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात आणि लगतच्या गोव्यात, हा अर्थ आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. तेथे ‘गाराणा घालणे’ म्हणजे ग्रामदेवतेपुढे गावाच्या वतीने केलेली जाहीर विनवणी होय. देवापुढे नारळ आणि विडा ठेवून गावचा मानकरी किंवा गुरव हात जोडून उभा राहतो आणि देवाला ‘महाराजा’ अशी हाक घालून, पूर्वापार चालत आलेली सेवा लेकरांनी कशी केली, त्यात काही चुकले-माकले असेल तर ते कसे पोटात घालावे, गुराढोरांची आणि पोराबाळांची राखण कशी करावी, हे एका दमात, चढत्या सुरात सांगत जातो. प्रत्येक टप्प्यावर जमलेली मंडळी ‘व्हय महाराजा’ असा एकमुखी होकार भरतात, त्यामुळे एकट्याचे म्हणणे साऱ्या गावाचे होते. त्यात दोष दिलाच तर तो स्वतःला दिलेला असतो. ‘गर्ह्’ धातूतली निंदा येथे अशी उलट फिरली आहे.

या गाऱ्हाण्याचा साचा परंपरेने ठरलेला असला, तरी मजकूर काळाप्रमाणे भरला जातो. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची नोकरी, रखडलेले लग्न, मुलांच्या परीक्षा हे सारे त्यात सामावते आणि गणेशोत्सवात हीच रीत मुंबईतल्या कोकणी घरांतही पाळली जाते. घरातला वडीलधारा ते घालतो, बाकीचे होकार देतात आणि ‘गाराणा’ व्याकरणशुद्ध ‘गाऱ्हाणे’ होत नाही. मालवणी ऐकण्याची सवय असलेल्या देवाशी प्रमाण भाषेत बोलणे कोणालाच रुचत नसावे.