वाढीव वॉरंटी : घ्यावी की न घ्यावी?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांवर चालणारे आपले धंदे हळूहळू कॉम्प्युटरवर आले. आज भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतला लहानसा यंत्रमागधारकही बिले, ई-वे बिल आणि रिटर्न यांसाठी लॅपटॉप बाळगतो. भरतकामाचे डिझाइन करणाऱ्या कारागिराचे तर ते हत्यारच झाले आहे. सबब लॅपटॉपची खरेदी ही आता हौसेची बाब राहिलेली नाही, ती भांडवली खरेदी आहे, आणि तिचा विचार भांडवलाच्या हिशेबानेच व्हायला हवा.

लॅपटॉपची किंमत ठरते, आपण पैसे काढतो, आणि त्याच वेळी काउंटरवरचा मुलगा आणखी एक कागद पुढे सरकवतो. "चाचा, पाच हजारांत दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्या, सगळे कव्हर आहे, टेन्शन नाही." घाईत असलेला माणूस मान डोलावतो. काही वर्षांपूर्वी मीही डोलावली. दुसऱ्या वर्षी लॅपटॉपची बिजागरी तुटली आणि पडदा काळा झाला. सर्व्हिस सेंटरने सांगितले की ही बाहेरून झालेली मोडतोड आहे, ती तुमच्या योजनेत बसत नाही. कागद काढून पाहिला तर तसेच छापलेले होते, पण बारीक इंग्रजीत. उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाने तो घेतेवेळी कोणाकडून तरी वाचून घ्यायला हवा होता. चूक दुकानाची होती तशी माझीही होती. ती इतर बंधूंकडून होऊ नये म्हणून हा लेख.

वॉरंटी म्हणजे नेमके काय?

नव्या लॅपटॉपवर कंपनी सहसा १ वर्षाची वॉरंटी देते. तिचा पैसा किमतीतच आलेला असतो. तिचा अर्थ एवढाच की, कारखान्यातून निघताना मालात काही दोष राहून गेला असेल तर कंपनी तो भाग बदलून देईल. लॅपटॉप हातातून पडला, त्यावर चहा सांडला, विजेचा दाब वाढून जळला, चोरीला गेला, तर ही वॉरंटी साधारणपणे कामी येत नाही.

वाढीव वॉरंटी म्हणजे बहुतेक वेळा हीच वॉरंटी, फक्त मुदत लांबवलेली. पहिल्या वर्षी जे मिळत नव्हते ते दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीही मिळत नाही. पडणे, सांडणे, पडदा फुटणे यासाठी ‘अपघाती नुकसान संरक्षण’ नावाची योजना वेगळी विकली जाते. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे समजणे, हीच गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी फसगत.

बॅटरीचेही तसेच. बॅटरी झिजणारी वस्तू आहे. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची ताकद लक्षात येण्याइतकी कमी होते. म्हणून लॅपटॉपची वॉरंटी ३ वर्षांची केली तरी बॅटरीची अनेकदा १ वर्षाचीच राहते. आणि आत साठवलेला हिशेब? तो कोणत्याही वॉरंटीत परत मिळत नाही.

विक्रेता एवढा आग्रह का करतो?

कापडाच्या धंद्यात असणाऱ्यांना हे सांगायला नको. ज्या मालावर सुटी चांगली, तो माल दुकानदार पुढे करतो. लॅपटॉपच्या किमतीत स्पर्धा तीव्र असल्याने तिथे नफा थोडा असतो, वॉरंटीच्या कागदावर मात्र चांगले कमिशन सुटते.

शिवाय यंत्राच्या बिघाडाला एक चाल असते. कारखान्याचा दोष असेल तर तो बहुधा पहिल्या काही महिन्यांतच बाहेर पडतो, आणि तेव्हा मूळ वॉरंटी चालूच असते. झिजेचे बिघाड पुष्कळ वर्षांनी सुरू होतात, तोवर वाढीव वॉरंटीही संपलेली असते. मधली दोन वर्षे त्या मानाने शांततेची, आणि नेमकी तीच आपल्याला विकली जातात.

दहा दुकानदारांचा हिशेब

समजा लॅपटॉप ५०,००० रुपयांचा आहे. दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीचे ५,००० आणि १८ टक्के जीएसटीचे ९०० मिळून ५,९०० रुपये होतात. मोठा बिघाड म्हणजे मदरबोर्ड जाणे. त्याचा खर्च १५,००० रुपये धरू.

दहा दुकानदारांनी ही योजना घेतली तर एकूण ५९,००० रुपये जमा झाले. एवढ्या पैशात जवळजवळ चार मदरबोर्ड बदलून होतात. म्हणजे दहापैकी चार लॅपटॉप त्या दोन वर्षांत मोठ्या बिघाडाने बंद पडले तरच या दहा जणांचा पैसा वसूल. आपल्या ओळखीच्या दहा दुकानांत डोकावून पाहावे, इतके बिघाड होतात का? मला तरी दिसलेले नाहीत. त्यातच योजना चालवणाऱ्याला पगार, कमिशन व स्वतःचा नफा याच रकमेतून काढायचा असतो. तेव्हा दहा जणांनी मिळून दिलेल्यापेक्षा दहा जणांना मिळून परत येणारे कमीच असणार.

मात्र हिशेबाला दुसरी बाजूही आहे, ती म्हणजे बंद दिवसांची. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला ११ तारखेला विक्रीचा तपशील आणि २० तारखेला ३-बी भरावा लागतो. उशीर झाला तर ३-बीवर, कर देणे असल्यास, दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि शिवाय देय करावर व्याज पडते. लग्नसराईच्या तोंडावर डिझाइन करणाऱ्याचा लॅपटॉप आठ दिवस अडकला तर मजुरीच बुडते. अशा माणसाने वर्षे किती मिळतात यापेक्षा माणूस दुकानी येऊन दुरुस्ती करतो का, हे आधी पाहावे. नुसत्या मुदतीपेक्षा ‘ऑनसाइट’ सेवेला पैसे देणे अधिक शहाणपणाचे. पण ती सेवा आपल्या पिनकोडवर खरोखर मिळते की नाही, याची खात्री अगोदर करून घ्यावी.

कागद घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. योजना खुद्द कंपनीची आहे, दुकानाची की तिसऱ्याच कोणाची? दुकान बंद झाले तर दुकानाची वॉरंटीही गेली.
२. पडणे, पाणी, विजेचा दाब, धूळ यांपैकी काय येते व काय येत नाही?
३. दरवेळी आपल्या खिशातून काही रक्कम भरावी लागते का? भरपाईला वरची मर्यादा आहे का? दरवर्षी किंमत घटवून भरपाई मिळते का?
४. बॅटरी व चार्जर किती काळ?
५. योजना नंतर घेता येते का? अनेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत मुदत वाढवू देतात. तसे असेल तर घाई कशाला? वर्षभर यंत्राची चाल पाहून ठरवावे.

तोंडी आश्वासनाला किंमत नाही. जे सांगितले ते बिलावर किंवा निदान व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावे. घरी आल्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटीची तारीख तपासावी. नियमित जीएसटी भरणाऱ्याने बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे धंद्याच्या वापरासाठी भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनवाल्यांना ते मिळत नाही.

वाद झालाच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी येत नाही, परंतु केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेणारा ग्राहकच मानला जातो. कारागीर बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी.

वेगळे पैसे भरून घेतलेली वॉरंटी शरीअतच्या दृष्टीने चालते का, असेही बंधू विचारतात. पैसे भरले पण मोबदला मिळेल की नाही हे अनिश्चित, या ‘गरर’मुळे अनेक आलिमांचा तिला आक्षेप आहे. काही जण तिला देखभालीची सेवा मानून अटींसह परवानगी देतात. योजनेचा कागद सोबत नेऊन आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. किमतीतच आलेल्या मूळ वॉरंटीबद्दल सहसा हा प्रश्न येत नाही.

मग करावे काय?

साधा लॅपटॉप असेल, घरात किंवा शेजारी दुसरे यंत्र असेल आणि गावात चांगला कारागीर असेल, तर वाढीव वॉरंटी घेऊ नये. तेच ५,९०० रुपये वेगळ्या खात्यात टाकून ठेवावेत. बिघाड झाला तर तयार, नाही झाला तर आपलेच. लॅपटॉप महागडा असेल, सगळा रोजगार त्या एकाच यंत्रावर असेल आणि कंपनीची ऑनसाइट सेवा आपल्या गावात येत असेल, तर विचार करण्यास हरकत नाही. रोज पिशवीत घालून फिरणाऱ्याने घ्यायचेच तर अपघाती नुकसानीचे संरक्षण घ्यावे.

आणि जे कोणतीही कंपनी विकत नाही ते आपणच करावे. कारखान्यात हवेत उडणारा सुताचा कोंडा पंख्यात अडकून यंत्र तापते, म्हणून लॅपटॉप मागांच्या शेडमध्ये न ठेवता बंद खोलीत ठेवावा व पंखा वेळोवेळी साफ करून घ्यावा. विजेसाठी चांगला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लावावा. दर जुम्याला दुकान वाढवण्यापूर्वी हिशेबाची नक्कल वेगळ्या ड्राइव्हवर घेऊन घरी न्यावी. यंत्र पुन्हा विकत मिळते, पण लोकांकडे अडकलेल्या उधारीचा हिशेब एकदा गेला की तो कोणत्याच दुकानात मिळत नाही.