पुन्हा तोच मारवा

मागच्या वेळी आपण स्मृतीबद्दल बोलत होतो. व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, तुमच्याकडे गाण्याचा एवढा संग्रह आहे म्हणता, मग तेच तेच पुन्हा ऐकून कंटाळा येत नाही का?" मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून आज तोच घेतो.

आधी अडचण नीट पाहू. कादंबरी आपण दुसऱ्यांदा वाचतो, कारण लेखकाने ती तशीच लिहून पुरी केलेली असते. रागसंगीताचं तसं नाही. राग, ताल, चीज एवढं ठरलेलं. बाकीचं तिथल्या तिथे घडतं. तोच गवई उद्या तोच राग वेगळा गाईल, आणि वेगळाच गावा अशी आपली अपेक्षा असते. मग जे एकदाच घडून जायचं होतं, ते मी चाळीस वर्षं कपाटात ठेवून शेकडो वेळा ऐकतो, तेव्हा नेमकं काय ऐकतो?

आता संग्रहातलं सगळंच एका प्रकारचं नसतं, बरं का. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानबाईंनी गायल्या त्या सुरुवातीच्या तबकड्या, शेवटी स्वतःचं नाव सांगणाऱ्या, त्याही एवढ्याच. एवढ्या वेळात राग उभा करायचा तर गवयाला आधी बेत करावाच लागे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या मी कवितेसारख्या ऐकतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. एल.पी. आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. मैफलीच्या खाजगी टेपा तर वेगळीच जात. त्यात कपबशा वाजतात, तबलजी मध्येच हातोडी मारतो, कोणी तरी खोकतो. ते खोकणंही मला पाठ आहे! (हशा)

माझी खरी परीक्षा झाली अमीर खाँसाहेबांच्या मारव्यापाशी. त्या एल.पी.च्या एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. पूरिया आणि सोहनीचेही हेच स्वर, पण मारवा रिषभ-धैवतावर उभा राहतो आणि षड्जाला हुलकावणी देत राहतो. घर दिसतंय पण दार उघडत नाही, अशी अवस्था. खाँसाहेब झुमऱ्याच्या अतिविलंबित लयीत ती अवस्था इतकी लांबवतात की षड्ज आला की अंगातून काही तरी सुटतं.

काही वर्षांपूर्वी एका तरुण गायिकेने मैफलीत मारवा घेतला. ती माझ्या अपेक्षेआधीच षड्जावर आली. मी मनात म्हटलं, "चुकली." घरी येताना रिक्षात लक्षात आलं, की ती चुकली नव्हती. मी तिचं गाणं ऐकतच नव्हतो. मी हजेरी घेत होतो. अमुक जागा आली का, हजर. तमुक आली का, गैरहजर. जन्मभर वर्गात हजेरी घेतल्याचा परिणाम असेल.

हुसर्ल या जर्मन तत्त्वज्ञाने 1905 च्या सुमाराला दिलेल्या व्याख्यानांत काळाची जाणीव समजावून सांगताना सुरावटीचंच उदाहरण घेतलं होतं. नुकताच गेलेला स्वर कानातून गेला तरी जाणिवेतून जात नाही, आणि येणाऱ्या स्वराकडे जाणीव आधीच झुकलेली असते. माझ्या बाबतीत हे झुकणं इतकं पक्कं झालं होतं, की येणाऱ्याला जागाच उरली नव्हती. जुन्या टेपांना हाच रोग होतो. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचं चुंबकीय मुद्रण शेजारच्या वेढ्यावर उमटतं. मग गायकाचा आवाज लागायच्या एक-दोन सेकंद आधीच शांततेत त्याचं भूत ऐकू येतं.

मी ती एल.पी. दीड वर्ष बंद ठेवली. त्या काळात दुसऱ्यांचे मारवे ऐकले, त्या गायिकेलाही मुद्दाम जाऊन पुन्हा ऐकलं. मग एका संध्याकाळी लावली. जागा आठवत होत्याच, त्या कुठे जाणार? पण "पुढे काय" हा प्रश्न मिटला असल्यामुळे पहिल्यांदाच मी ठेक्याकडे वळलो. दोन मात्रांमध्ये केवढी जागा आहे, आणि खाँसाहेब त्यातली किती तशीच मोकळी सोडतात! ही जागा चाळीस वर्षं तिथेच होती.

एक गोष्ट मात्र गेली. वयानुसार कानाच्या वरच्या पट्ट्या आधी जातात, आणि तंबोऱ्याची जवारी नेमकी तिथे चमकते. मला ती आता कानाने कमी आणि आठवणीने जास्त ऐकू येते. म्हणजे आठवण नुसती आडवी येते असंही नाही. कधी कधी तीच तंबोरा धरून बसते.

असो. आज मैफलीची एक टेप आणली आहे. ते भूत पुसट व्हावं म्हणून सकाळी दोनदा पुढे-मागे फिरवून घेतली. तरी सुरुवातीला हलकासा आवाज आधी येईल. तो आला की दचकू नका. लावा.