रंगरुटास द्यावयाचा चाकू

घरांतला मुलगा सैन्यांत भरती झाला कीं त्याच्याबरोबर कांहींतरी द्यावें, असें घरांतील प्रत्येकास वाटतें. आई लाडू बांधते, आजी अंगारा देते, आणि मामा किंवा वडील पुष्कळदां म्हणतात, "याला एक चांगला चाकू घेऊन देऊं." या सूचनेमागें नुसती हौस नसते. मुलगा नजरेआड जाणार. तेथें आपण त्याच्या पाठीशीं नसूं, निदान आपण दिलेली एखादी वस्तु तरी त्याला राखो, अशी ती भावना असते. भावना योग्य आहे. परंतु तीच मनांत धरून दुकानांत गेल्यास बहुधा भला मोठा, दांतेरी पाठीचा, भीतिदायक चाकू घरीं येतो. तो रंगरुटाच्या फारसा उपयोगी पडत नाहीं.

शिपायाला शस्त्र देणें हें सरकारचें काम आहे; घरानें द्यावयाचें तें औजार. शिपायाच्या दिवसांतील मोठा भाग बारीकसारीक कामांत जातो. दोरी कापणें, घट्ट बसलेली गांठ सोडविणें, डबा उघडणें, गणवेशाचा सुटलेला दोरा तोडणें, फळ चिरणें, हीं तीं कामें होत. त्यांना अडीच ते तीन इंच पात्याचा, मिटणारा, खिशांत मावणारा चाकू पुरेसा होतो.

या बाबतींत स्वित्झर्लंडचें उदाहरण बोधप्रद आहे. कार्ल एल्सेनर या कारागिरानें १८९१ सालीं स्विस सैन्यास चाकू पुरविण्यास प्रारंभ केला. त्या चाकूंत चारच वस्तु होत्या: एक पातें, एक टोंचा, डबा उघडण्याचें साधन आणि एक पेंचकस. पेंचकस कशासाठीं? तर सैन्याच्या १८८९ सालच्या रायफलीचे स्क्रू काढण्यासाठीं. शत्रूचा त्यांत कोठेंहि विचार नव्हता. विचार होता तो भुकेचा आणि बंदुकीच्या निगेचा. पुढें १९०९ सालीं एल्सेनरची आई व्हिक्टोरिया वारली. तेव्हां त्यानें आपल्या मालाला तिचें नांव दिलें. आणि १९२१ सालीं न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' हा शब्द त्यास जोडून 'व्हिक्टोरिनॉक्स' हें नांव सिद्ध झालें.

आतां पोलादाविषयीं. साधें कार्बनचें पोलाद दगडावर लवकर धार घेतें. परंतु घाम, पाऊस आणि लिंबाचा रस यांनीं तें गंजतें. न गंजणाऱ्या पोलादांत क्रोमियम निदान साडेदहा टक्क्यांच्या आसपास असतें. त्याला धार लावण्यास थोडा अधिक वेळ लागतो, पण निगा कमी लागते. तळावर तेल-फडकें घेऊन बसण्यास सवड थोडी, म्हणून रंगरुटास हेंच बरें. पात्याला पाणी फार कडक दिलें असेल तर धारेचे टवके उडतात, कमी पडलें तर धार वळते. हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. यास्तव भरंवशाच्या दुकानदाराचा माल घ्यावा. दुकानांत चाकू चारपांच वेळां उघडून मिटून पाहावा. पातें बिजागरीपाशीं डुगडुगतां कामा नये. उघडें पातें अडकवून ठेवणारा खटका असल्यास तें जोर लावतांना बोटांवर मिटत नाहीं. वीस हत्यारांचा जाड चाकू मात्र टाळावा. त्याच्या फटींत धूळ सांठते आणि कामाला येतात तीं दोनतीनच.

कायद्याचीहि ओळख हवी. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती व शेतीच्या औजारांस मात्र त्यांतून वगळलें आहे. दिल्लींत कळ दाबून उघडणाऱ्या चाकूंवर १९८० च्या अधिसूचनेनें निर्बंध घातले. तेव्हां कळीचा चाकू घेऊंच नये. विमानप्रवासांत चाकू हातांतील पिशवींत चालत नाहीं.

शेवटचा प्रश्न, द्यावा केव्हां? माझें मत असें कीं, निघण्याच्या दिवशीं देऊं नये. बेळगांवच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रांत काय, किंवा अन्य कोठें काय, रंगरुटास काय आणावें याच्या लेखी सूचना मिळतात. त्यांत नसलेली वस्तु नेली तर पहिल्याच दिवशीं मुलास वरिष्ठांपुढें खालीं मान घालावी लागेल. शिक्षण पुरें होऊन कसम परेड झाली कीं तो रजेवर घरीं येईल. तोंपर्यंत आपल्याला काय लागतें आणि तुकडींत काय चालतें, हें त्यालाच कळलेलें असतें. त्याला विचारावें, त्याला घेऊन दुकानांत जावें, आणि त्याच्या हाताला बसेल तो चाकू घ्यावा.

धारेची वस्तु भेट दिल्यानें नातें तुटतें, असें कांहीं घरांत मानतात. तेथें घेणारानें देणाराच्या हातावर एक रुपया ठेवावा; भेटीची खरेदी झाली आणि शंका फिटली! २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेंत भरती झालेल्यांपैकीं बहुतेक तरुण चार वर्षांनीं घरीं परतावयाचे आहेत. बंदूक ते तेथेंच ठेवून येतील. खिशांतला चाकू मात्र त्यांच्याबरोबर येईल आणि पुढें शेतांत, दुकानांत, स्वयंपाकघरांत कामास पडेल. तो घेतांना आपला मुलगा परत येणार आहे, हें मनांत धरून घ्यावा.