क्लॅरिनेटचं लिगेचर : अस्सल, साधं आणि नकली



बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती ओझं वाहत नाही, गाडी ओढत नाही. पण ती सैल झाली की आरे खिळखिळे होतात आणि भरली गाडी वाटेत उभी राहते. विळ्याच्या मुठीला शेंबी असते, तिचंही तसंच. वस्तू लहान, पण तिच्यावाचून काम अडतं. क्लॅरिनेट या वाद्यालाही अशीच एक शेंबी आहे. तिला लिगेचर म्हणतात. आज तिच्याविषयी थोडं बोलायचं आहे, कारण शाळेच्या बँडसाठी किंवा गावच्या पथकासाठी वाद्यं घेताना हीच वस्तू पारखून घ्यायची राहून जाते.

क्लॅरिनेट आपल्या ओळखीचं आहे. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, बँडच्या पहिल्या रांगेत काळ्या रंगाची, चकचकीत चाव्यांची जी लांब नळी गाण्याचं मुख्य अंग वाजवते, तीच ही. मास्टर इब्राहीम यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या जुन्या मंडळींच्या स्मरणात असतील. तिकडे दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी याच विलायती वाद्यावर कर्नाटक संगीतातले राग वाजवून नाव मिळवलं. म्हणजे वाद्य परदेशातलं असलं, तरी आपल्या सुरांना ते परकं राहिलेलं नाही.

आता या वाद्यात आवाज कुठून येतो ते पाहू. सनईला ताडपत्राची पत्ती असते, हे आपल्याला ठाऊक आहे. सनईची पत्ती दुहेरी असते, क्लॅरिनेटची एकेरी. तिला रीड म्हणतात. बांबूच्याच गवतकुळातल्या अरुंडो डोनॅक्स या वनस्पतीच्या कांडापासून ती तासतात. दक्षिण फ्रान्समधला व्हार हा प्रदेश या पिकासाठी प्रसिद्ध आहे. रीडचं बूड जाड आणि टोक कागदासारखं पातळ असतं. वाद्याच्या वरच्या टोकाला पक्ष्याच्या चोचीसारखा भाग असतो, तो माउथपीस. त्याच्या सपाट बाजूवर रीड ठेवायची आणि बुडाशी पट्टीने आवळून धरायची. ही आवळणारी पट्टी म्हणजे लिगेचर.

फुंकर घातली की रीडचं टोक थरथरतं. वाजवणारा जेव्हा ४४० कंपनांचा सूर काढतो, तेव्हा हे टोक एका सेकंदात ४४० वेळा उघडतं आणि मिटतं. टोक असं मोकळेपणी हलायला हवं, तर बूड मात्र जागचं हलता कामा नये. बूड डळमळलं, किंवा एका अंगाला दाबलं आणि दुसऱ्या अंगाला सुटलं, की हवा फटीतून निसटते. सूर फाटतो आणि मध्येच ‘चीं’ असा कर्कश आवाज निघतो. लिगेचरचं काम एवढंच आहे : रीड सारख्या दाबाने धरायची, पण चेंगरायची नाही.

या कामासाठी पहिल्यापासून धातूची पट्टी होती असं मात्र नाही. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग गावी योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने सन १७०० च्या सुमारास क्लॅरिनेट घडवलं, असं मानतात. त्या काळी रीड चक्क दोऱ्याने बांधत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इव्हान म्यूलर या वादकाने स्क्रूने आवळायची धातूची पट्टी आणली, आणि बदलायला सोपी म्हणून ती सगळीकडे पसरली. तरीही जर्मनीतले अनेक नामांकित वादक आजसुद्धा रीड दोऱ्यानेच बांधतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आज बाजारात गेलं तर तीन प्रकारचा माल दिसतो. तिन्हींतला फरक नीट समजून घेतला पाहिजे.

पहिला अस्सल आणि महाग माल. उदाहरणार्थ, पॅरिसमध्ये १९०५ साली सुरू झालेल्या वांदोरेन या कारखान्याचं ‘ऑप्टिमम’ नावाचं लिगेचर घ्या. त्यात रीडवर टेकणाऱ्या तीन वेगवेगळ्या पट्ट्या मिळतात. वादकाने हवी ती बसवायची. पत्रा जाड, माप बिनचूक, स्क्रू फिरवला की दाब सारखा वाढतो. इथे पैसा जातो तो या नेमकेपणासाठी.

दुसरा साधा आणि स्वस्त माल. पितळी पत्र्याचं, दोन स्क्रूंचं, वर निकेलची कल्हई चढवलेलं, कुणा मोठ्या घराण्याचं नाव नसलेलं. वाद्याबरोबर पुष्कळदा हेच येतं. उत्तर प्रदेशात मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनवण्याचा जुना धंदा आहे. तिथून आणि इतर ठिकाणांहून असा साधा माल आपल्याकडे येतो. यात चांगलं असतं, वाईटही असतं. पण तो आपलं रूप लपवत नाही.

तिसरा नकली माल. दिसायला पहिल्यासारखा, आतून दुसऱ्याहूनही हलका. वर प्रसिद्ध नाव खोदलेलं, डबीही तशीच, किंमत मात्र अस्सलाच्या चौथाई. आता घरबसल्या मोबाइलवर वस्तू मागवता येते, तेव्हा चित्र अस्सलाचं पाहायचं आणि हाती नकली यायचं, असंही घडतं. इथे तोटा दुहेरी आहे. साध्या मालापेक्षा पैसे जास्त जातात आणि काम साध्या मालाइतकंही होत नाही. म्हणून ‘स्वस्त’ आणि ‘नकली’ हे दोन शब्द एका अर्थाने वापरू नका. स्वस्तात चांगलं मिळू शकतं. पण ज्याने नावातच फसवलं, तो पत्र्याची जाडी राखील, असा भरवसा कसा धरायचा?

मग पारख कशी करावी? यासाठी मोठी विद्या लागत नाही. दुकानात जाताना आपला माउथपीस आणि एक चांगली रीड बरोबर न्या. क्लॅरिनेटचे माउथपीस सगळे एका मापाचे नसतात. लहान ई-फ्लॅट क्लॅरिनेटचं माप वेगळं, बास क्लॅरिनेटचं वेगळं, सॅक्सोफोनचं त्याहून वेगळं. एकाचं लिगेचर दुसऱ्याला बसवायला जाऊ नये.

आधी बोटाने आतली बाजू चाचपा. कडा धारदार असतील तर ती पट्टी रोज रीड खरवडणार. मग स्क्रू पूर्ण काढून पुन्हा लावा. तो शेवटपर्यंत नरम फिरायला हवा. मध्येच अडकला, किंवा आवळता आवळता नुसताच फिरू लागला, तर आटे कच्चे आहेत. स्क्रू ज्या कानांत बसतो ते कान पट्टीला झाळलेले असतात. तिथली झाळ ओबडधोबड असेल तर कान लवकरच सुटायचे.

त्यानंतर रीड लावून लिगेचर चढवा आणि उजेडाकडे धरून पाहा. नेहमीच्या पट्टीला आतून दोन उभ्या रेघा असतात. त्या रीडच्या दोन्ही कडांजवळ, वरपासून खालपर्यंत, सारख्या टेकल्या पाहिजेत. एकीकडे फट आणि एकीकडे दाब दिसला, तर पट्टी वाकडी आहे.

शेवटची परीक्षा कानाची. रीड ओली करून माउथपीसवर ठेवा आणि लिगेचर न लावता तिचं बूड अंगठ्याने घट्ट दाबून फुंका. आवाज स्वच्छ आला, तर रीड आणि माउथपीस ठीक आहेत. आता लिगेचर लावून तसंच फुंका. आता जर ‘चीं’ झालं, तर दोष पट्टीत आहे किंवा ती चढवण्यात आहे. स्क्रू थोडा सैल करून, पट्टी सरळ बसवून पुन्हा पाहा. तरी तेच झालं, तर ती पट्टी परत करा. उलट अंगठ्यानेही आवाज वाईटच आला, तर नवी पट्टी घेऊन काही साधणार नाही. आधी रीड बदला.

यातूनच पुढचा मुद्दा येतो. महाग लिगेचरने आवाज पार पालटतो, अशी कित्येकांची समजूत असते. वाजवणाऱ्याच्या ओठांना आणि कानांना फरक जाणवतो, हे खरं. मुरलेल्या वादकाला त्याचं मोलही असतं. पण दहा पावलांवर बसलेल्या श्रोत्याला तो ओळखणं फार कठीण. आवाजाचा मोठा भाग वाजवणाऱ्याचा दम आणि ओठ, मग रीड, मग माउथपीस यांवर ठरतो. म्हणून शाळेकडे मोजकेच पैसे असतील, तर ते आधी चांगल्या रीडवर घाला, मग माउथपीसवर. लिगेचर साधं पण सरळ असलं की पुरे. ज्याला वाद्यावर पोट भरायचं आहे, त्याने मात्र अस्सल माल माहितीच्या दुकानातून, पावती घेऊन, स्वतः वाजवून घ्यावा.

आणि तेवढेही पैसे नसले तर? इथे तो जर्मन दोरा आठवा. मीटरभर मऊ, पण न ताणणारा सुती दोरा घ्या. रीड जागेवर ठेवून तिच्या सालीच्या भागावर, म्हणजे जिथून ती तासलेली आहे त्याच्या खाली, शेजारी शेजारी दहा-बारा वेढे द्या आणि शेवटचं टोक वेढ्यांखाली खोचा. जर्मन माउथपीसवर दोऱ्यासाठी आडव्या खाचा असतात. आपल्या गुळगुळीत माउथपीसवर दोरा घसरू पाहतो, म्हणून वेढे ताणून द्यावे लागतात. सवय व्हायला आठवडा जाईल. पण वाकड्या नकली पट्टीपेक्षा हा दोरा रीड कितीतरी सारखी धरतो.

चांगली पट्टीसुद्धा हयगयीने बिघडते. स्क्रू बोटांनीच आवळावा, पक्कड कधी लावू नये. वरचा स्क्रू खालच्यापेक्षा किंचित सैल ठेवावा, म्हणजे रीडला हलायला मोकळीक मिळते. वाजवून झालं की स्क्रू सैल करून रीड काढावी, पुसून सपाट जागी वाळवावी. रिकामं लिगेचर दप्तरात टाकलं तर चेपतं; ते माउथपीसवरच चढवून वर टोपण लावावं. पावसाळ्यात पितळेवर हिरवट डाग येतात. कोरड्या फडक्याने पुसून स्क्रूला तेलाचा एखादा थेंब द्यावा.

शेवटी गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. बँडच्या तालमीत एखाद्या मुलाचं वाद्य सारखं ‘चीं’ करतं. बाकीची मुलं हसतात. आपणही चिडून म्हणतो, ‘तुला जमायचं नाही, तू झांजा घे.’ मूल झांजा घेतं आणि आपल्याला सुराचं अंग नाही अशी खूणगाठ मनाशी बांधतं. ती पुढे सुटत नाही. म्हणून तसं म्हणण्याआधी दोन मिनिटं काढा. त्याच्या रीडवर अंगठा दाबून त्याला फुंकायला सांगा. सूर स्वच्छ आला, तर दोष मुलात नव्हता, त्या वाकड्या पत्र्यात होता. शेजारच्या मुलाचं लिगेचर त्याला लावून पाहा, नाहीतर दोरा बांधून द्या, आणि तीच ओळ त्याच्याकडून सगळ्यांसमोर पुन्हा वाजवून घ्या.